हुकूमशहा गेल्यावर अपराधांची यादी कुठे थांबते? स्टालिननंतरच्या रशियाविषयी एक दीर्घ थ्रेड

१/
५ मार्च १९५३, मॉस्को. रात्री आठ वाजता क्रेमलिनमध्ये पक्षाची केंद्रीय समिती, मंत्रिमंडळ आणि सर्वोच्च सोव्हिएतचे अध्यक्षमंडळ यांची संयुक्त बैठक सुरू झाली आणि चाळीस मिनिटांत आटोपली. पंतप्रधानपद मालेन्कोवकडे, गृह व सुरक्षा ही दोन्ही खाती एकत्र करून बेरियाकडे, परराष्ट्र खाते मोलोतोवकडे, संरक्षण बुल्गानिनकडे. ख्रुश्चेवने पक्षाच्या कचेरीचे काम पाहावे, असे ठरले. ज्याच्या सत्तेची ही वाटणी चालली होती, तो जोसेफ स्टालिन कुंत्सेव्होच्या बंगल्यात अजून श्वास घेत होता. तो गेला ९ वाजून ५० मिनिटांनी.

२/
हुकूमशहाच्या मृत्यूनंतर येणाऱ्या सुधारणांचे एक सोपे चित्र सर्वांच्या मनात असते. दुष्ट राजा गेला, भला माणूस गादीवर आला, त्याने सत्य सांगितले आणि प्रजा मोकळी झाली. १९५३ ते १९६४ या काळातील सोव्हिएत इतिहास या चित्रात बसत नाही. तेथे सुधारणा केली ती स्टालिनच्या साथीदारांनी, आणि प्रथम केली ती स्वतःच्या जिवासाठी. त्या सुधारणांचे मोल आणि त्यांचे अपुरेपण, दोन्हींचा उगम याच एका गोष्टीत आहे, असे या थ्रेडचे प्रतिपादन आहे.

३/
भीती किती खोल मुरली होती, हे खुद्द स्टालिनच्या अखेरच्या दिवसांवरून दिसते. १ मार्चला तो दिवसभर खोलीबाहेर आला नाही; पण न बोलावता आत जाण्याची पहारेकऱ्यांची छाती झाली नाही. रात्री उशिरा कोणी आत गेले तेव्हा तो जमिनीवर पडलेला आढळला. वैद्य पोहोचले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याचा वर्षानुवर्षांचा वैद्य विनोग्रादोव तेव्हा तुरुंगात होता, कारण १३ जानेवारीलाच ‘प्रावदा’ने नामांकित डॉक्टरांच्या कथित कटाची बातमी छापली होती. ज्या भयाने त्याने देश राखला, तेच भय त्याच्या उशाशी येऊन बसले.

४/
हे भय सामान्य माणसापुरते नव्हते. पॉलिटब्यूरोचा सदस्य वोझ्नेसेन्स्की याला १९५० मध्ये गोळी घातली गेली. मोलोतोवची पत्नी पोलिना १९४९ मध्ये पकडली गेली. नवरा मंत्रिमंडळात आणि बायको हद्दपारीत, असे ते संसाराचे चित्र होते. ऑक्टोबर १९५२ मध्ये स्टालिनने केंद्रीय समितीसमोर मोलोतोव आणि मिकोयान यांच्यावर उघड टीका केली आणि सर्वोच्च मंडळ २५ जणांचे करून टाकले. जुन्यांना बाजूला सारण्याची ही तयारी आहे, हे त्या जुन्यांना न सांगता कळले. ५ मार्चच्या रात्री त्यांनी ते मंडळ पुन्हा १० जणांवर आणले, ते उगाच नव्हे.

५/
आता या इतिहासातील सर्वांत अडचणीचा भाग. सुधारणांचा पहिला झपाटा लावला तो लाव्रेंती बेरियाने. २७ मार्च १९५३ रोजी माफीचा हुकूम निघाला. त्या वेळी छावण्यांत आणि वसाहतींत सुमारे २५ लाख कैदी होते. त्यांपैकी सुमारे १२ लाखांची सुटका झाली. ४ एप्रिलला डॉक्टर निर्दोष ठरले आणि त्यांचे कबुलीजबाब बेकायदा मार्गांनी घेतले होते, हे वर्तमानपत्रात छापून आले. चौकशीतील मारहाणीवर बंदी आली. उत्तर ध्रुववृत्तालगत कैद्यांच्या हाडांवर उभा राहणारा सालेखार्द ते इगार्का हा रेल्वेमार्ग थांबवला गेला.

६/
आणि हा बेरिया कोण? १९३८ पासून गुप्त पोलिसांचा प्रमुख. पोलिश अधिकारी व कैदी यांना ठार मारण्याचा प्रस्ताव मार्च १९४० मध्ये त्याच्याच सहीने पुढे गेला. त्यात सुमारे २२,००० माणसे मारली गेली. फेब्रुवारी १९४४ मध्ये चेचेन आणि इंगुश लोकांना गुरांसारखे आगगाड्यांत कोंबून मध्य आशियात धाडले, तेव्हा देखरेखीला तो जातीने हजर होता. अशा माणसाच्या हातून १२ लाख लोक घरी गेले. कृत्य चांगले म्हणून कर्ता चांगला ठरत नाही. आणि कर्ता नीच म्हणून सुटलेल्या कैद्याची सुटका खोटी ठरत नाही.

७/
बेरियाला हे का करावेसे वाटले? पश्चात्तापाचा कोणताही पुरावा इतिहासाजवळ नाही. छावण्या आर्थिकदृष्ट्या तोट्यात चालतात, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. आपल्या नावाला चिकटलेले रक्त धुण्याची निकडही त्यालाच सर्वाधिक होती. माफीच्या हुकुमातील मर्यादा पाहिली की हेतू स्पष्ट होतो: पाच वर्षांपर्यंतची शिक्षा असलेले सुटले, दीर्घ मुदतीचे राजकीय कैदी, म्हणजे ज्यांच्यावर सर्वांत मोठा अन्याय झाला होता तेच, बहुतांशी आत राहिले.

८/
२६ जून १९५३ रोजी क्रेमलिनमधील बैठकीतच बेरियाला पकडण्यात आले. ख्रुश्चेवने इतरांची मोट बांधली होती. प्रत्यक्ष अटकेसाठी मार्शल झुकोव आणि जनरल मोस्कालेन्को यांची मदत घेतली. पोलीस बेरियाचे, म्हणून सैन्य बोलवावे लागले. आरोपांत ब्रिटिश हेरगिरीही होती. खटला बंद दाराआड चालला, तोही १९३४ च्या त्या कुप्रसिद्ध कायद्यानुसार, ज्यात आरोपीला वकील नाही आणि अपील नाही. २३ डिसेंबरला त्याला गोळी घातली. दहशतीच्या सूत्रधाराला शिक्षा झाली ती दहशतीच्याच रीतीने.

९/
‘महान सोव्हिएत विश्वकोशा’च्या वर्गणीदारांना पुढे एक सूचना आली. बेरियावरील नोंदीची पाने कापून काढावीत आणि सोबत पाठवलेली बेरिंग समुद्र वगैरे विषयांची पाने तेथे चिकटवावीत. हा प्रसंग हसण्यावारी नेला जातो. पण त्यात पुढच्या दशकाची कार्यपद्धती दडलेली आहे. एक नाव कापून काढले की ग्रंथ शुद्ध झाला, अशी ती समजूत. बेरिया हा उरलेल्यांच्या हाती लागलेला पहिला घडा होता. सर्वांचे खापर त्याच्या माथी फोडता येत होते.

१०/
मालेन्कोवचा वाटा सहसा विस्मरणात जातो. ऑगस्ट १९५३ मध्ये त्याने शेतकऱ्यांवरील करांचा बोजा हलका करण्याची आणि कापडचोपड, अन्नधान्य अशा रोजच्या गरजेच्या वस्तूंचे उत्पादन वाढवण्याची घोषणा केली. अणुयुद्ध झाले तर जगाची सारी संस्कृतीच नष्ट होईल, हे त्याने मार्च १९५४ मध्ये जाहीरपणे म्हटले. युद्धात फक्त भांडवलशाहीच मरेल, ही पक्षाची अधिकृत श्रद्धा असताना. फेब्रुवारी १९५५ मध्ये त्याला पंतप्रधानपद सोडावे लागले. त्याच्या कितीतरी कल्पना पुढे ख्रुश्चेवच्या नावावर जमा झाल्या.

११/
या सगळ्यात सुधारणा म्हणजे वरून पडलेले दान होते, असेही समजू नये. १९५३ च्या उन्हाळ्यात नोरिल्स्क आणि वोर्कुता येथील छावण्यांत कैद्यांनी काम बंद पाडले. मे १९५४ मध्ये कझाकस्तानातील केन्गिर छावणी कैद्यांनी ताब्यात घेतली आणि सुमारे चाळीस दिवस राखली. अखेर रणगाडे घालून ती मोडली. पूर्व जर्मनीत जून १९५३ मध्ये कामगार रस्त्यावर उतरलेच होते. जुनी व्यवस्था जशीच्या तशी चालवणे आता महाग पडणार आहे, हा हिशेब क्रेमलिनला खालून शिकवला गेला.

१२/
३१ डिसेंबर १९५५ रोजी पक्षाने पोस्पेलोव समिती नेमली. तिच्यासमोर गुप्त पोलिसांचे स्वतःचे आकडे आले. १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत सोव्हिएतविरोधी कारवायांच्या आरोपाखाली १५,४८,३६६ लोकांना अटक. त्यांपैकी ६,८१,६९२ जणांना गोळी. १९३४ च्या पक्षाधिवेशनात निवडलेल्या केंद्रीय समितीच्या १३९ सदस्य व पर्यायी सदस्यांपैकी ९८ जण मारले गेले. त्याच अधिवेशनाच्या १,९६६ प्रतिनिधींपैकी १,१०८ जणांना अटक. अहवाल ऐकणाऱ्यांत त्या वर्षांत सह्या करणारेही बसले होते.

१३/
२५ फेब्रुवारी १९५६. विसाव्या पक्षाधिवेशनाच्या बंद सत्रात ख्रुश्चेव सुमारे चार तास बोलला. विषय: व्यक्तिपूजा आणि तिचे परिणाम. छळ करून घेतलेले कबुलीजबाब, बनावट खटले, युद्धाच्या आरंभीची स्टालिनची घोडचूक, समूळ हद्दपार केलेल्या जमाती, हे सर्व त्याने मांडले. मोलोतोव, कागानोविच, वोरोशिलोव यांना हे नको होते. ख्रुश्चेवने धोका पत्करला, यात शंका नाही. विसाव्या शतकात इतक्या सामर्थ्यवान सत्तेच्या प्रमुखाने आपल्याच राजवटीविरुद्ध असे भाषण केल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

१४/
परंतु भाषण वाचताना, त्यात काय आहे याइतकेच, ते कुठे थांबते हेही पाहावे. अपराधांची यादी मुख्यतः १९३४ च्या पुढची आहे आणि तिच्यातील बळी प्रामुख्याने निष्ठावंत पक्षसदस्य आहेत. सक्तीच्या सामूहिकीकरणात उद्ध्वस्त झालेला शेतकरी तिच्यात नाही. १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान आणि रशियात मेलेली लक्षावधी माणसे नाहीत. बुखारिन, झिनोव्येव यांची निर्दोषता नाही. हद्दपार जमातींत चेचेन, इंगुश, काल्मिक आहेत. क्रिमियन तातार नाहीत.

१५/
हे थांबणे अपघाती नव्हते. ३० जुलै १९३७ च्या आदेश क्रमांक ००४४७ ने प्रांताप्रांताला आकडे वाटून दिले होते. मॉस्को प्रांताच्या वाट्याला आले गोळी घालण्यासाठी ५,००० आणि छावणीत धाडण्यासाठी ३०,०००. त्या वेळी मॉस्कोच्या पक्षसंघटनेचा प्रमुख होता निकिता ख्रुश्चेव. १९३८ पासून तो युक्रेनचा प्रमुख झाला. ज्या टोकाला वक्त्याची स्वतःची सही सुरू होत होती, त्या टोकाला भाषण संपत होते.

१६/
‘व्यक्तिपूजा’ हा शब्दही तपासून घ्यावा असा आहे. लक्षावधी खुनांना हे नाव दिले की तो जणू अतिभक्तीचा, शिष्टाचाराचा दोष ठरतो. आणि एका व्यक्तीचा फोटो उतरवला की दोष नाहीसा होतो. इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाचा नेता तोलियात्ती याने १९५६ मध्येच विचारले होते, की सारे एका माणसाच्या दुर्गुणांवर ढकलले तर ज्या व्यवस्थेत हे घडू शकले तिचे काय? मॉस्कोने ३० जूनच्या ठरावात त्याची कानउघाडणी केली. प्रश्न मात्र तसाच उभा राहिला, आणि तो विचारणारा कोणी शत्रू नव्हता.

१७/
भाषण गुप्त होते, तरी पक्षशाखांत ते वाचून दाखवले गेले आणि जूनमध्ये अमेरिकन वृत्तपत्रांत छापून आले. पोलंडमध्ये जूनमध्ये पोझनानचे कामगार उठले. ऑक्टोबरात गोमुल्का सत्तेवर आला. हंगेरीत २३ ऑक्टोबरला उठाव झाला, ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. सुमारे २,५०० हंगेरियन मारले गेले. पंतप्रधान इम्रे नाज याला जून १९५८ मध्ये फाशी झाली. स्टालिनच्या अपराधांवर बोलण्याची परवानगी होती. त्या अपराधांतून निघणारा निष्कर्ष काढण्याची नव्हती.

१८/
तरीही एक गोष्ट बदलली होती. जून १९५७ मध्ये मोलोतोव, मालेन्कोव, कागानोविच यांनी ख्रुश्चेवला हटवण्यासाठी सर्वोच्च मंडळात बहुमत जमवले. ख्रुश्चेवने केंद्रीय समिती बोलावली, झुकोवने लष्करी विमानांतून सदस्य मॉस्कोला आणले, डाव उलटला. हरलेल्यांचे काय झाले? मोलोतोव मंगोलियात राजदूत, मालेन्कोव कझाकस्तानात वीज केंद्राचा व्यवस्थापक, कागानोविच उरलमधील कारखान्यावर. वीस वर्षांपूर्वी या तिघांच्या नशिबी भिंत आणि गोळी आली असती.

१९/
ऑक्टोबर १९६१ मध्ये बाविसाव्या अधिवेशनाने जाहीरपणे निर्णय घेतला आणि ३१ तारखेच्या रात्री स्टालिनचे शव लेनिनच्या समाधिगृहातून काढून क्रेमलिनच्या भिंतीलगत पुरले गेले. पुढच्याच महिन्यात स्टालिनग्राडचे वोल्गोग्राड झाले. मराठी वाचकाच्या कानावर ते नाव अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्टालिनग्राडचा पवाडा’मुळे आलेले आहे. त्या शहरात लढून मेलेल्या माणसांचे शौर्य पाटी बदलल्याने कमी झाले नाही. कमी झाली ती फक्त, ते शौर्य एका माणसाच्या नावे जमा करण्याची सोय.

२०/
१९६२ हे एकच वर्ष या राजवटीची दोन्ही रूपे दाखवते. नोव्हेंबरमध्ये ‘नोवी मीर’ मासिकात ख्रुश्चेवच्या संमतीने सोल्झेनित्सिनची छावणीजीवनावरील दीर्घकथा छापून आली. जे कुजबुजीत होते ते छापील झाले. त्याच वर्षी जूनमध्ये नोवोचेर्कास्कचे कामगार मांस-लोण्याची दरवाढ आणि कमी झालेली मजुरी यांविरुद्ध रस्त्यावर आले, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २६ जण मेले, त्यानंतर सात जणांना मृत्युदंड झाला, आणि ही बातमी देशात कोठेही छापली गेली नाही.

२१/
१४ ऑक्टोबर १९६४ रोजी ख्रुश्चेवला त्याच्याच सहकाऱ्यांनी पदावरून काढले. त्याला निवृत्तिवेतन आणि राहायला घर मिळाले; १९७१ मध्ये तो नैसर्गिक मरणाने गेला. सोव्हिएत सत्तेच्या शिखरावरील माणूस मतदानाने खाली येतो आणि जिवंत राहतो, हे प्रथमच घडत होते. १९५३ च्या वारसदारांनी एकमेकांशी जो अलिखित करार केला, एकमेकांना मारायचे नाही हा, त्याचे हे फळ. करार मोलाचा होता. पण तो कायदा नव्हता, आणि नोवोचेर्कास्कचा कामगार त्या करारात सहभागी नव्हता.

२२/
येथे एक आक्षेप रास्त आहे. अपराधी साथीदारांशिवाय दुसरे होते कोण? निष्कलंक माणसे कधीच मारली गेली होती किंवा छावणीत होती. ख्रुश्चेवने सारे सांगितले असते तर त्याच दिवशी त्याची गच्छंती झाली असती, आणि १९५६ मध्ये छावण्यांतून सुटलेली माणसे आणखी काही वर्षे कुजली असती. हा युक्तिवाद फेटाळता येत नाही. अर्धे सत्य बोलल्याने जे जीव वाचले त्यांना ते अर्धे आहे म्हणून नाकारणे, हा सुरक्षित अंतरावरून इतिहास वाचणाऱ्याचा चैनीचा बाणेदारपणा होय.

२३/
मात्र अर्ध्या सत्याची किंमत कोणीतरी भरतेच. म्हातारी मेल्याचे दुःख नसते, काळ सोकावतो. १९६४ नंतर सत्तेवर आलेल्यांनी दप्तरे मिटली, कारण ती उघडी ठेवण्याची सक्ती करणारी ना न्यायव्यवस्था उभी राहिली होती, ना स्वतंत्र वृत्तपत्र. क्रिमियन तातारांना मायभूमीत परतण्यासाठी १९८० च्या दशकाची अखेर पाहावी लागली. बुखारिन निर्दोष ठरला १९८८ मध्ये. आणि ज्या भाषणाने जग हादरले, ते सोव्हिएत वाचकासाठी अधिकृतपणे छापले गेले १९८९ मध्ये, म्हणजे तेहेतीस वर्षांनी.

२४/
ही केवळ रशियाची गोष्ट नव्हे. माओ सप्टेंबर १९७६ मध्ये गेला. महिन्याभरात चौकडीला अटक झाली. पुढे दंग श्याओफिंगच्या काळात चीनने वेगळी वाट धरली. १९८१ च्या ठरावाने सांस्कृतिक क्रांतीचा स्पष्ट निषेध केला. परंतु १९५७ च्या ‘उजव्यां’विरोधी मोहिमेला त्याच ठरावाने मुळात योग्य आणि आवश्यक म्हटले, दोष काय, तर ती प्रमाणाबाहेर गेली. त्या मोहिमेच्या वेळी पक्षाचा सरचिटणीस दंगच होता. यादी तेथेही वक्त्याच्या दाराशी येऊन थांबली.

२५/
म्हणून सत्ताबदलानंतरच्या सुधारकाला देवही करू नये आणि ढोंगी म्हणून झिडकारूही नये. त्याने उघडलेल्या दारातून माणसे बाहेर पडतात. त्या माणसांसाठी ते दार पूर्ण खरे असते. इतिहासाच्या अभ्यासकाचे काम त्यानंतर सुरू होते: अपराधांची यादी हाती घ्यावी, ती कोणत्या तारखेला सुरू होते आणि कोणाच्या सहीपाशी संपते ते पाहावे, आणि तिच्यात ज्यांची नावे नाहीत त्यांची दप्तरे मागावीत. १९५६ च्या यादीत शेतकरी नव्हता. त्याचे नाव लिहायला ज्यांना फुरसत झाली नाही, त्यांना आपले शासन शेतकरी-कामगारांचे म्हणवण्यास मात्र कधी संकोच वाटला नाही.

#इतिहास #थ्रेड